चतुःसीमा

उदगीरच्या तहसीलसमोर, लिंबाखाली माझं टेबल.
एकतीस वर्षं लोकांच्या जमिनी
मी चार बाजूंनी लिहितो.
पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक,
दक्षिणेस ओढा, उत्तरेस गाडीवाट.
जमीन कशी आहे ते कोणी विचारत नाही,
कोणाला लागून आहे एवढंच विचारतात.

मन्मथअप्पा हालकुडे याच टेबलापुढं बसले होते,
खुर्ची दिली तरी खाली, सतरंजीवर, मांडी घालून.
खरेदीचा कागद दोनदा वाचून घेतला
आणि ओढ्याचं नाव चुकलं म्हणून
स्टॅम्प बदलायला लावला. पैसे माझे गेले.

आता ते त्याच जमिनीत बसलेत.
त्यांच्यात जाळत नाहीत, बसवतात.
कपाळाला विभूती, हातात लिंग,
मांडी तीच.
वर बेल, मीठ, माती.
गट नंबर दोनशे अठ्ठ्याहत्तर,
एक हेक्टर एक्केचाळीस आर,
पैकी अप्पा.

वर्ष सरलं नाही तोच गुरुबसप्पा आणि वीरभद्र
लातूरच्या प्लॉटिंगवाल्याचा इसार घेऊन मोकळे,
वारसांत दोघंच दाखवून.
भालकीला दिलेली महानंदा,
तिनं फेरफारावर हरकत टाकली.
मग तारखा. मंडळ अधिकारी रजेवर, तारीख.
तलाठी निवडणुकीच्या कामाला, तारीख.
भाऊ म्हणायचे, "बाप बसलाय त्या मातीत,
अन् तू तिचा भाव करायलीस?"
असं म्हणताना इसारपावती
खिशात चार घड्या घालून असायची.

काल तिघं आले. तडजोड झाली म्हणे.
मी हक्कसोड काढलं, नेहमीचं:
राजीखुशीने, अक्कलहुशारीने,
कोणाच्याही दडपणाला बळी न पडता,
बंधुप्रेमापोटी, विनामोबदला.
बंधुप्रेम माझ्या कॉम्प्युटरात तयारच असतं,
एक बटण दाबलं की येतं.
पुढची ओळ: सदर जमीन निर्वेध व बोजाविरहित आहे.
इथं बोट थांबलं.
बोजा म्हणजे बँकेचा, सोसायटीचा.
बसलेल्या माणसाला रकाना नाही.

महानंदाबाई उभ्याच होत्या,
पहिल्या एसटीनं आलेल्या,
सहीचं पेन घरून आणलेलं.
मला वाटलं, रडतील.
समाधीपुरता दीड गुंठा मागतील,
भाऊ लगेच हो म्हणतील, अन् मला सांगावं लागेल
की तुकडेबंदीत एवढ्याची नोंद होत नाही.
पुष्कळदा झालंय असं या झाडाखाली.

त्या म्हणाल्या, "काय लिहायलालाव?
वाचा की मोठ्यानं."
वाचलं.
'विनामोबदला'पाशी त्यांनी हात वर केला,
रिकामी एसटी थांबवावी तसा.
"खोडा ते. सत्तेचाळीस आर मपलं.
कोणतं, ते मी सांगते.
अप्पा बसलेत ते. मधलं."

वीरभद्र म्हणाला, मधून तर रस्ता जातोय,
चाळीस फुटी, नकाशा झालाय.
"मग रस्त्याला म्हणावं,
अप्पाला विचारून जा."
गुरुबसप्पा काही बोलला नाही.
चहा सांगून येतो म्हणून गेला.
चहा आले चार. तो आला नाही.

संध्याकाळी टेबल आवरताना
उगाच टाइप करून बघितलं.
सत्तेचाळीस आर.
पूर्वेस गुरुबसप्पा मन्मथअप्पा हालकुडे.
पश्चिमेस वीरभद्र मन्मथअप्पा हालकुडे.
दोन्हीकडं मधलं नाव अप्पांचंच.
उत्तरेस गाडीवाट.
दक्षिणेस ओढा,
त्याचं नाव या खेपेला
जुन्या कागदावरून ताडून घेतलं.

फी अजून कोणीच दिली नाही.
मंगळवारी या म्हणालोय.